उजवा हात मोकळा ठेवणारी नाजनीन

दिवेलागणीला जप झाला की रोजच्या वहीत चार ओळी लिहायची माझी सवय जुनी आहे. कोण आलं, काय घडलं, आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरानं आज काय दाखवलं, एवढंच. गेल्या वर्षभरात त्यात आमच्या समोरच्या घरातल्या नाजनीनचं नाव इतक्यांदा आलं की आमचे हे एकदा म्हणाले, "वही तुझी आहे की तिची?" म्हटलं, मग एकदा बसून तिच्यावर सलगच लिहावं. लिहून ठेवावं असं माणूस आहे ते.

नाजनीन लग्नाचं शूटिंग करते. त्यातही बायकांच्या बाजूचं. त्यांच्यातल्या पुष्कळ लग्नांत बायकांचा मांडव वेगळा असतो, तिथं पुरुष कॅमेरेवाल्याला आत सोडत नाहीत. तिचे वडील बंदेनवाज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते. मामा मात्र व्हिडिओवाले. मामांनी एका लग्नात कॅमेरा हिच्या हातात दिला आणि बायकांच्या मांडवात ढकललं. तेव्हा ही कॉलेजला नुकती लागली होती. ती कॅसेट पाहिल्यावर लोक मामांना विसरले आणि भाचीला बोलवायला लागले. पुढं अतीकशी लग्न झालं, आयत झाली, पण हातातला कॅमेरा काही सुटला नाही. आता आम्हा लिंगायतांच्या हळदीलाही तीच लागते.

तिचं काम मी जवळून पाहिलंय. नवरीची आई कोणत्या क्षणी रडणार हे त्या आईला कळायच्या आधी नाजनीनला कळतं. ती आधीच जाऊन बाजूला उभी राहते, भिंतीसारखी. कुणाला तिची अडचण होत नाही. आमच्यात कामाला कायक म्हणतात, म्हणजे पूजेच्या बरोबरीचं काम. ती पहाटे नमाज पढते आणि मी लिंगपूजेला बसते, दोघींच्या खिडक्या समोरासमोर. पण तिला काम करताना बघितलं की वाटतं, हिची नमाज दिवसभर चालूच असते.

एकदा मात्र ती आमच्या पायरीवर बसून म्हणाली, "अक्का, इतक्या वर्षांत मी जे काही काढलं ते सगळं दुसऱ्यांच्या कपाटात आहे. माझं म्हणून काही नाही."

मी म्हटलं, "देवळाच्या गवंड्याचं देऊळ कुठं असतं गं?"

"गवंडी निदान देवळात जाऊन बसू शकतो की, अक्का," ती म्हणाली.

हे सगळं सुरू झालं ते सोनमच्या लग्नापासून. सोनम चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. माहेर मंगळवेढ्याकडचं, धनगराचं. लग्न गावाकडं झालं, शूटिंगला नाजनीन. महिन्याभरानं ती पेनड्राइव्ह द्यायला गेली तेव्हा सोनमची आई बाळाबाई लेकीकडंच आलेली होती. सगळ्यांनी मिळून टीव्हीवर लग्न पाहिलं. बाळाबाईनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आमची मेंढरं कुटं हायत ह्यात?"

सगळे हसले. नाजनीन हसली नाही. कारण मेंढरं होती, मांडवाच्या मागंच बसवलेली होती. लग्नभर त्यांचं ओरडणं चालू होतं आणि हिनं ते आवाज मागाहून नीट कापून काढून टाकले होते, वर सनई घातली होती.

बाळाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. औंदा येवडीच हायत. उनाळ्यात पोरं इकणार हायत समदी. पोरांस्नी आता चालणं नगं झालंय."

तिथून नाजनीनच्या डोक्यात ते बसलं. बाळाबाईचा वाडा दरवर्षी दिवाळी झाली की बाहेर पडतो. वाडा म्हणजे घर नव्हे हं. धनगर लोक मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं घेऊन महिनोन्‌महिने चालत फिरतात, त्या सगळ्या संसाराला वाडा म्हणतात. भीमेच्या काठाकाठानं खाली कर्नाटकातल्या इंडीच्या अंगाला जायचं, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, खत द्यायचं, धान्य घ्यायचं, की पुढं. बाळाबाईचा आणि तिचा नवरा येडू याचा जन्म त्यात गेला. आणि हे त्यांचं शेवटचं चालणं होतं. नाजनीनला ते चालणं काढायचं होतं, सगळं, पहिल्या पावलापासून. यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी काढायला काही उरणारच नव्हतं.

अतीकला तिनं सांगितलं तेव्हा मी तिथंच होते, विरजण मागायला गेले होते. अतीक टॉवेलचे गठ्ठे वाहणारा टेम्पो चालवतो. तो म्हणाला, "आपण दर्ग्याला जाताना तू अर्ध्या वाटेत बसतेस आणि म्हणतेस टेम्पो आण. आणि आता तू इंडीला चालत जाणार."

"सराव करीन की."

"लग्नाचा हंगाम?"

"मामांच्या सुनेला सांगितलंय."

"म्हणजे विचारत नाहीस, कळवतेस," अतीक म्हणाला आणि मला विरजण आणून दिलं. एवढ्यावर त्याची परवानगी झाली.

मग कॅमेऱ्याची निवड. हे मला तोवर माहीत नव्हतं की कॅमेरा एक वस्तू आणि लेन्स दुसरी, आणि ती अशी पातेल्यावरचं झाकण बदलावं तशी बदलतात. नवी पेठेतल्या दुकानाचा नंदीश आमच्या नात्यातला, म्हणून मी बरोबर गेले. नंदीशनं काउंटरवर सगळं मांडलं. एक तिचाच जुना, वजनदार, त्यावर लांबलचक झूम. लांबच्या माणसाच्या कपाळावरचा घामसुद्धा त्यात दिसतो. एक नवीन, मधला झूम असलेला. आणि एक लहानसा, माझ्या पुरणाच्या वाटीएवढा, त्याची लेन्स पुढं-मागं होतच नाही. जवळचं पाहिजे तर आपण जवळ जायचं, लांबचं पाहिजे तर आपण मागं सरायचं.

नंदीश म्हणाला, "भाभी, सरळ आहे. माळरान म्हणजे लांब पल्ला. मेंढरं एका टोकाला, मेंढका दुसऱ्या टोकाला, सूर्य बुडतोय. झूम पाहिजेच. हा लहान तर हॉटेलात जेवणाचे फोटो काढणारे नेतात."

तिला ते पटलं. ती मला म्हणाली, "अक्का, मी जन्मभर खोल्यांमध्ये शूटिंग केलं. एकदा तरी मोठं आभाळ घ्यायचंय." तिनं आपला मोठा कॅमेरा, लांब झूम, वर माइक, माइकवर वाऱ्याचा आवाज अडवणारं ते केसाळ झबलं, असं सगळं घेतलं आणि दसऱ्याच्या आधी बाळाबाईच्या वाड्यावर दोन-चार दिवस राहून बघायला गेली. तेव्हा वाडा घराजवळच्याच माळावर होता. जमलं तर दिवाळीनंतर पूर्ण चालीला न्यायचं, असं बाळाबाई बोलली होती.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ती परत आली. पाठीवर पिशवी, तोंड एवढंसं. घरात न जाता माझ्या पायरीवर बसली. मी पाणी दिलं. ती पाणी बघत राहिली.

झालं ते असं. पहिल्या दिवशी ती मेंढरांबरोबर बांधावर उभी राहून लांबून सगळं काढत राहिली. आभाळ आलं, कळप आला, येडूकाकाची काठी आणि पागोटं आलं. मधेच कुत्र्यानं माइकचं केसाळ झबलं पाहिलं, त्याला ते काय वाटलं देव जाणे, ओढून नेऊन फाडलं. तेवढं हसण्यावारी गेलं. दुसऱ्या दिवशी वाडा शेजारच्या माळावर हलणार होता. हिनं विचार केला, मेंढरांच्या पुढं जाऊन उंचावर थांबावं. पण वाडा हलवतात बायका. पुरुष मेंढरं चारत मागून येतात. बायका झुंजूमुंजूलाच पाल उतरवतात, भांडी-घोंगड्या घोड्यावर लादतात, लहान कोकरं जाळीत घालून घोड्याच्या पाठीवर टाकतात आणि निघूनसुद्धा जातात. हिला जाग आली, धावत आली, तर अर्धं आवरलेलं. अंधुक उजेड, तिच्या त्या झूमला अंधारात दिसेना. ती जवळ जायला गेली तर बाळाबाईचा नुसता खांदाच पडद्यावर मावायचा.

तेवढ्यात बाळाबाईनं रात्रीच जन्मलेलं एक कोकरू उचललं आणि हिच्यापुढं धरलं. "धर गं जरा."

हिच्या उजव्या हातात कॅमेरा. तो चालू. हिनं डावा हात पुढं केला.

बाळाबाईनं कोकरू मागं घेतलं. म्हणाली, "डाव्या हातानं लक्ष्मी घेतीस?"

"मी गोंधळले, अक्का," नाजनीन सांगत होती. "मी म्हटलं, उजव्या हातात कॅमेरा आहे मावशी. तर त्या म्हणाल्या, आमच्या हातात काय न्हाय व्हय? घोड्याचा दोर हाय, लेकरू हाय, हांडा हाय. तरी समदं उजव्यानंच घेतो-देतो. मग कोकरू त्यांनी सुनेकडं दिलं. माझ्याशी काही वाईट बोलल्या नाहीत. चहा दिला. आणि म्हणाल्या, तू पावणी हाईस बाय. पावणीला आमी चालवत न्हेत न्हाय. सडकंला एसटी मिळती."

मी म्हटलं, "तुमच्यातही डाव्या हातानं घेत नाहीत की गं."

"घेतच नाहीत. अम्मीनं लहानपणी किती फटके दिलेत त्यावरून. पण लग्नात कॅमेरेवालीला सगळं माफ असतं, अक्का. शरबत डाव्या हातानं घेते, मिठाई डाव्या हातानं, नवरीच्या आजीचा दुवासुद्धा असा डाव्या खांद्यावर घेते, कारण उजवा हात अडकलेला. कुणी काही बोलत नाही. इतकी वर्षं माफ केलं सगळ्यांनी, मला वाटलं तो माझा हक्कच आहे."

मग ती एकदाची ते पाणी प्याली आणि म्हणाली, "आणि त्यांचं बरोबर आहे. हातात कॅमेरा असला की मी घरातली राहतच नाही. मी पाहुणी होते."

मला वाटलं आता ही चार दिवस रडेल. नाही रडली. दुसऱ्या दिवशी नंदीशच्या दुकानातले दोन्ही कॅमेरे एका दिवसाच्या बोलीवर आणि आपला मोठा घेऊन आली आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात. म्हणाली, "अक्का, तुम्ही बाळाबाई व्हा. मला सारखं काहीतरी द्या."

"म्हणजे?"

"काहीही. तुमचं चाललंय ते काम करा आणि मधेच म्हणा, धर."

असं काम मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. मी भाकऱ्या करत होते. परात दिली, पाण्याचा तांब्या दिला, विळी दिली. आयत शाळेतून आली तर तिलाच उचलून दिली. ती म्हणाली, "मी काय कोकरू आहे का?" आणि मग तिला इतकी मजा वाटली की ती बें बें करत फिरायला लागली.

मोठा कॅमेरा तर दोन हातांशिवाय उचलेचना. मधला एका हातात राहायचा, पण तो हात उजवाच. सगळ्या कॅमेऱ्यांची मूठ उजवीकडं, बटण उजवीकडं. करणाऱ्यानं सगळ्या जगाला उजवा हात रिकामाच असतो असं धरून चालल्यासारखं. डाव्या हातात घेतला तर बोट बटणापर्यंत पोचत नव्हतं. गळ्यात अडकवून पाहिला, तर वाकलं की लोंबकळून परातीवर आपटायचा. छातीला पट्ट्यानं बांधायचा एक बारका कॅमेरा नंदीशनं दिला होता, त्यात माझा चेहरा बोंडासारखा फुगलेला आला. मी म्हटलं, हा नको.

दुपार झाली. मी ताटं घेतली. ती जेवली, हात धुतले, आणि तो लहान कॅमेरा हातात फिरवत बसली. खालून बघ, बाजूनं बघ. मी भांडी आवरत होते. आणि एकदम म्हणाली, "अक्का, काहीतरी द्या."

मी तांब्या दिला. तिनं उजव्या हातानं घेतला. मी वळून पाहिलं तर कॅमेरा डाव्या हातात आणि वरची बाजू खाली. पालथा. कॅमेरा उलटा केला की उजवीकडची मूठ डावीकडं येते, आणि बटण बरोबर डाव्या अंगठ्याखाली. वटवाघळासारखा लटकला होता तो तिच्या मुठीत.

"अगं, उलटं नाही का येणार सगळं?"

"येऊ दे की. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर सुलटं करायचं. त्याला काय लागतं."

मला तिचा इतका अभिमान वाटला, आणि तिला मात्र त्याचं काहीच नाही. ती लगेच पुढच्या अडचणीवर गेली. मोठा उलटा धरला तर लेन्सच्या वजनानं मनगट गळतं. मधलाही जड. लहान मात्र दिवसभर धरता येईल. त्याची लेन्स तोंड मोठं उघडते, म्हणजे कमी उजेडातही बघू शकते, तेव्हा झुंजूमुंजूचं आवरणं त्यात येईल. झूम नाही. पण झूम घेऊन तिनं काय केलं होतं? बांधावर उभी राहिली होती. आणि लेन्स बदलायचीच नाही म्हटल्यावर काळ्या मातीचा फुफाटा आत जायची भीती नाही. नंदीशला तिनं आपला लांब झूम दिला आणि बदल्यात तो लहानगा घेतला. नंदीश म्हणाला, "भाभी, आभाळ मावणार नाही यात." ती म्हणाली, "मी आभाळाखालीच असणार आहे की."

झूम देताना तिचा हात जरा रेंगाळला हे मी पाहिलं. त्याच्या जोरावर तिनं संसार उभा केला होता.

मग सराव. रोज पहाटे नमाज झाली की ती कंबर तलावाला चकरा मारायची. उजव्या कडेवर ज्वारीची पिशवी कोकरासारखी धरलेली, डाव्या हातात पालथा कॅमेरा. पडद्यावर सगळं उलटं दिसायचं. पडदा बाहेर ओढून फिरवला तर सुलटं दिसतं म्हणे, पण तसा उघडा ठेवला तर झुडपात अडकून मोडेल, म्हणून ती उलटंच बघायला शिकली. फिरायला येणारे पेन्शनर तिच्याकडं बघायचे. एकानं मला विचारलं, "त्या बाईंना कुणी सांगितलंय का, कॅमेरा उलटा धरलाय म्हणून?" मी म्हटलं, सांगितलंय.

पहिल्या दिवसांत तिला गरगरायचं. दिवाळीपर्यंत ती उलट्या पडद्यात बघत पायरी चढायला लागली. बॅटऱ्या चार्ज करायला एक घडीची सोलर पाटी घेतली, घोड्याच्या पाठीवर पसरायची म्हणून. माइकला केसाळ झबलं नको, कुत्र्याचं भांडण नको. मी जुन्या घोंगडीच्या तुकड्याचं एक टोपडं शिवून दिलं. लोकरीचाच वास, कुत्रं कशाला ओढेल.

पण बाळाबाईनं नेलं तर ना. वाडा हलायला थोडेच दिवस उरले होते आणि तिकडून बोलावणं नव्हतं. नाजनीननं फोन केला नाही. म्हणाली, फोनवर हात दिसत नाहीत. सोनमकडून कळलं की बाळाबाई बाजाराला सोलापुरात येणार आहे, लेकीकडं टेकणार आहे. आम्ही दोघी अतीकच्या टेम्पोतून चिंचोळीला गेलो.

बाळाबाई म्हणजे उंच, काटक बाई. कपाळभर कुंकू, पायांत जाड चपला. सोनमच्या जावेचं तान्हं तिच्या मांडीवर होतं. नाजनीनला बघून म्हणाली, "आलीस व्हय? बस की." पाहुणीला म्हणावं तसंच म्हणाली. सोनमनं चहा ठेवला. नाजनीन बसली नाही. तिनं पिशवीतून कॅमेरा काढला, पालथा डाव्या हातात धरला, चालू केला आणि उभी राहिली. माझ्या मनात सिद्धरामेश्वराचा धावा चालू होता.

बाळाबाईनं तिच्याकडं जरा वेळ बघितलं. "ह्यो उलटा धरलाय की गं."

"उलटा धरला की उजवा हात मोकळा राहतो, मावशी."

बाळाबाईनं मांडीवरचं तान्हं उचललं आणि पुढं धरलं. नाजनीननं उजवा हात खाली घातला, मान तळव्यात, पाठ कोपरापर्यंत, आणि पोर खांद्याला लावलं. कॅमेरा हलला नाही. पोरानं तिची ओढणी तोंडात घातली.

"आन् दिसतं का ह्यात काय, का नुसतं सोंग?"

नाजनीननं तिला काढलेलं दाखवलं. पडद्यावर बाळाबाईचे दोन हात मोठे मोठे होत जवळ येतात आणि हातांतलं पोर येऊन चित्रच भरून टाकतं. बाळाबाईनं ते दोनदा बघितलं. मग सोनमला म्हणाली, "चहात साखर घाल गं हिच्या. लई चालायचं हाय हिला."

सोनम म्हणाली, "आई, म्हणजे नेतीस?"

"येडी हाय ही. येड्या माणसाला चालाय येतं." मग नाजनीनकडं वळून, "आयतवारी हलतोय. तुजं ओझं तू घ्यायचं. दमलीस तर दमली म्हणायचं, पर थांबायचं न्हाय. आन् माजं तोंड जेवताना काडायचं न्हाय, सांगून ठेवती."

नाजनीन म्हणाली, "जेवताना माझ्या दोन्ही हातांत भाकरीच असेल, मावशी."

परतीच्या वाटेवर अतीक चौकात सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "अक्का, दिवाळीच्या फराळात शेंगाची चटणी जास्त करा." त्याच्या भाषेत ते कौतुक होतं.

ती गेली. आयत आमच्याकडंच असायची शाळा सुटल्यावर. नाजनीनचा फोन कधी यायचा, कधी नाही. रेंज आणि बॅटरी दोन्ही देवाच्या हवाली. एकदा म्हणाली, पायाला फोड आलेत पण बाळाबाईनं काहीतरी पाला बांधलाय. एकदा म्हणाली, तापातून उठले, चालतेय. अतीक फोन ठेवून बाहेर जाऊन उभा राहायचा.

मग एक दिवस तिचा निरोप आला, कॅमेऱ्याची मेमरी कार्डं भरत आलीत, नवी आणून द्या. वाडा भीमा ओलांडून पुढं गेला होता. एका रविवारी अतीक आणि मी टेम्पो घेऊन निघालो. मी ज्वारीच्या कडक भाकऱ्या केल्या होत्या, पंधरा दिवस टिकतील अशा, आणि चटणी. तिनं सांगितलेल्या गावाच्या पुढं, कॅनॉलच्या कडेच्या गाडीवाटेवर थांबलो. उन्हं कोवळी होती. वाडा समोरून येताना दिसला. पुढं घोडी, घोड्यांवर संसार, त्यावर कोंबड्या, आणि दोर धरून चालणाऱ्या बायका.

अतीक डोळ्यांवर हात धरून बघत होता. "यात कुठं आहे?"

मलाही दिसेना. सगळ्या एकसारख्या, पदर खोचलेल्या, धुळीनं भरलेल्या. दुसऱ्या घोड्याच्या दोराजवळची बाई आमच्याकडं बघून हसली तेव्हा कळलं. उजव्या काखेत कोकरू, त्याच हाताच्या बोटांत दोर, डाव्या हातात तो पालथा कॅमेरा. काळी पडली होती, वाळली होती, आणि चाल बदलली होती. लग्नात ती भिंतीकडेनं सरकत चालते. इथं टाच रोवून चालत होती.

"सलाम अक्का. थांबू नका, चालत बोला," ती म्हणाली. "घोडं थांबलं की मागचं सगळं अडतं."

म्हणून आम्हीच तिच्याबरोबर चालायला लागलो. अतीकनं नवी कार्डं तिच्या पिशवीत घातली. भरलेली कार्डं एका डबीत होती, ती तिनं काढायला सांगितली आणि मला दिली. "अक्का, घरी गेल्यावर कपाटात ठेवा. देवघरात नको, तिथं दिव्याचं तेल उडतं."

मी ती डबी पदराच्या गाठीत बांधली. मी मनात देवघरच धरलं होतं, हे तिला कसं कळलं कोण जाणे.

बाळाबाई पुढच्या घोड्यापासून ओरडली, "का वो अक्का, तुमालाबी न्हेऊ का? एक घोडं रिकामं हाय."

मी म्हटलं, "माझे गुडघे बघून घोडंच पळेल. आमची नाजनीन त्रास देत नाही ना?"

"लई देती. काल माज्यावर वराडली. म्हनं सरका बाजूला, उजेड आडतोय." बाळाबाई हसत होती. "येडू म्हनला, पावणी गेली वाटतं घरी, ही दुसरीच कोण तरी आलीया."

नाजनीन लाजली. अतीकनं भाकरीचं गाठोडं तिच्या घोड्यावर बांधलं, गाठ दोनदा तपासली. "दमलीस का?" त्यानं विचारलं.

"दमले," ती म्हणाली. "पण चालू दे."

पुढं वाट शेतात उतरत होती. टेम्पो मागं राहिला होता, आणि माझे गुडघे खरंच बोलायला लागले होते. आम्ही दोघं बांधावर थांबलो. वाडा आमच्या बाजूनं निघून गेला. घोडी गेली, बायका गेल्या, मागून मेंढरांचा तो लोंढा आणि येडूची काठी. खूप पुढं गेल्यावर नाजनीन वळली. कोकरू तिनं वर सरकवलं, डावा हात उचलला आणि कॅमेरा आमच्याकडं धरला, पाय मात्र मागं मागं पडतच होते.

अतीकनं शर्टाची कॉलर नीट केली.

मी पदर सारखा केला आणि उभी राहिले. त्या लेन्सला झूम नाही. तिच्या पडद्यावर आम्ही दोघं डोकं खाली, पाय आभाळात असे दिसत असणार, आणि तिच्या पावलागणिक लहान होत असणार.